हात फिरे तिथं

‘हात फिरे तिथं लक्ष्मी फिरे’ ही म्हण खरं तर झाडलोटीची, आवराआवरीची. पण पॉपकॉर्नची कणसं सोलताना ती फारच शब्दशः अंगावर येते. लोखंडी नळीचा आखूड तुकडा, आत निमुळत्या चार पट्ट्या. वाळलेलं कणीस त्यात सारायचं आणि पिळायचं. म्हणजे हात फिरवण्यावाचून दुसरं कामच नाही. नळी साध्या मक्याच्या मापाची आहे. हे कणीस बारकं, त्यामुळे ती मधूनच नुसती गरगरते आणि राहिलेले दाणे अंगठ्यानं पाडावे लागतात. या दाण्याला टोक असतं. ते थोड्याच वेळात अंगठ्याला कळतं.

सासूबाई नळीला शिवत नाहीत. सुरीच्या टोकानं एक ओळ मोकळी करतात, मग रिकामं बुरकुंड घेऊन भरल्या कणसावर घासतात. सूप त्यांचंच आधी भरतं. वर ही म्हण.

मावळात मका म्हणजे तसा पाहुणाच. हा मुलूख भाताचा, १९८७ साली आलेल्या इंद्रायणीचा. लोणावळ्याकडच्या पावसात कणीस वाळणार कुठे? म्हणून भात निघाल्यावर, रब्बीत लावायचा. दाण्यात तेरा-चौदा टक्के ओल हवी. तीच आत वाफ होते आणि १८० अंशांच्या आसपास साल फाडते. फार सुकला की उरतो गणंग. भुशी धरणाच्या वाटेवर कणसं भाजणारीला हा घोर नाही, तिला कोवळीच लागतात. पण हात तिचाही फिरतो, एक पंख्यावर, दुसरा लिंबानं तिखटमीठ चोळत. लक्ष्मी मात्र बहुधा गाडीत बसून खंडाळ्याकडे निघून जाते.

आणि ही म्हण बाप्याला ऐकवलेली मी तरी ऐकली नाही. नांगरणाऱ्याचा हात फिरत नाही का? लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या आपणच मांडायच्या, लक्ष्मी आपणच व्हायचं, आणि कपाटाची किल्ली? इथून जवळच, चाकणपाशी आंबेठाणला शरद जोशी राहायचे. त्यांच्या शेतकरी संघटनेनं १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ मांडली: नवऱ्यानं आपणहून थोडी जमीन बायकोच्या नावे करायची. पुष्कळांनी केलीही. त्या वेळी कुणी तरी म्हणीचा हिशेब मांडला, असं मला वाटायचं. आता वाटतं, ‘आपणहून’मध्ये पुन्हा देणारा हात त्याचाच.

हे सासूबाईंपाशी काढलं तर त्या म्हणाल्या, “नावावर असतं तर काय कणसं आपोआप सोलली असती?” त्यांच्या नावावर काही नाही आणि त्यांचं काही अडलेलंही दिसत नाही. निदान मला दिसत नाही. बांधाकडेच्या या सऱ्या मी लावल्या, पाणी मी पाजलं, सातबारा सासऱ्यांचा. उद्या तो माझ्या नावे झाला तर मी अशी सोलत बसेन, की मजुरीला बाई लावून तिला हीच म्हण ऐकवेन? दुसरंच जास्त शक्य वाटतं. म्हणजे मग भांडण नेमकं कशाशी आहे, तेही आता नीट सांगता येईना.