आपला नंबर

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात दोन शेतकरी भेटले, की ख्यालीखुशालीच्या आधी विचारणा होते, "नंबर आला का?" कशाचा, ते सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात पाण्याचा, थंडीत ऊसतोडीचा, जूनमध्ये लेकीच्या कॉलेजप्रवेशाचा. बारामती-इंदापूरच्या माणसांनी हा इंग्रजी शब्द उचलला आणि त्यात आपलं सगळं जगणं भरलं.

या शब्दाचं आणि इथल्या मातीचं नातं जुनं आहे. कंपनी सरकारच्या काळात प्रिंगल या अधिकाऱ्यानं ठरवलेला शेतसारा रयतेला पेलवेना, तेव्हा १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी पाहणी सुरू केली. शेताच्या हद्दीला दगड, नकाशावर आकृती, आकृतीला नंबर आणि तीस वर्षं न बदलणारा सारा. पुढे मुंबई इलाख्यात हीच पद्धत रूढ झाली. कालांतरानं जमिनींचं एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबराच्या जागी गट नंबर आला. घरात मात्र शेतं अजून नावानंच ओळखली जातात: चिंचेचा तुकडा, ओढ्याकडची पट्टी, थोरल्या विहिरीचं. नाव मायेचं, नंबर हक्काचा. लिहिता-वाचता न येणारी म्हातारीसुद्धा आपला गट नंबर न अडखळता सांगते, कारण भावकीच्या भांडणात तोच तिच्या बाजूनं उभा राहतो.

जमिनीमागून पाण्याचा नंबर आला. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा वाहता झाला आणि पुरंदर, बारामती ओलांडून इंदापूरच्या कोरड्या माळांकडं निघाला. सुमारे दीडशे किलोमीटरची ही वाट. जमिनीचा उतारा असतो गाव नमुना नंबर सात, आणि कालव्याच्या पाण्याचा मागणी अर्जही नमुना नंबर सात. खाती वेगळी, कागद वेगळे. शेतकऱ्याच्या पिशवीत ते एकाच घडीत राहतात, कारण एकावाचून दुसऱ्याला मोल नाही.

शेजपाळीत, म्हणजे पाळीपाळीनं पाणी घेण्याच्या क्रमात, नंबर म्हणजे घड्याळातला तास. तो रात्री दोनला आला तरी उठायचं, बॅटरी आणि खोरं घेऊन दारं धरायला जायचं. वरच्यानं आपलं दारं वेळेत बंद केलं, तरच खालच्याच्या नंबराला अर्थ. कालव्याच्या शेवटाला इथं 'टेल' म्हणतात. टेलच्या शेतकऱ्याचा नंबर कागदावर वरच्याइतकाच खरा असतो. पण गळती, चोरून घातलेले पाइप, वरच्यांची हाव यांतून उरेल तेवढंच पाणी त्याच्यापर्यंत पोचतं. म्हणून तो म्हणतो, "आधी टेल भिजवा, मग वर या." हे मागणं मला पूर्णपणे न्यायाचं वाटतं. नंबर या शब्दाचा खरा कस टेललाच लागतो.

उसाला तर नावापेक्षा नंबरच लाडका. को ८६०३२ हा वाण पाडेगावच्या संशोधन केंद्रानं 'नीरा' या नावानं प्रसारित केला. नीरेकाठचा शेतकरी त्याला 'शहाऐंशी बत्तीस' म्हणतो, आणि शेजारच्या रानात 'दोनशे पासष्ट' उभा असतो. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या कारखान्यात लागणीची नोंद झाली, की तोडीच्या नंबराची वाट सुरू होते. उसाला तुरे येतात, ऊन चढतं, वजन घटू लागतं, आणि टोळी अजून दुसऱ्याच्याच फडात असते. त्या टोळीतला बीडकडून आलेला गडीही नंबराचीच वाट पाहतो. कोयता खाली ठेवून बैलगाडी भरली, कारखान्यावर नेली, तरी गाडी रिकामी होईपर्यंत तो आणि त्याचे बैल रात्र रात्र रांगेत थांबतात. मालकाच्या नंबरात काळजी असते, गड्याच्या नंबरात झोप खर्ची पडते.

कौतुक करायचं तर 'एक नंबर'. लबाडीचा पैसा 'दोन नंबरचा'. दवाखान्यात पहाटे येऊन लावलेला नंबर, शाळेत पोराचा आलेला नंबर, वयाबरोबर वाढणारा चष्म्याचा नंबर. आणि एखाद्या सोबत्याचा दहावा उरकून नदीवरून परतताना म्हातारी माणसं शांतपणे म्हणतात, "आता आपला नंबर." आयुष्यभर पाळीची वाट पाहिलेल्या माणसांनी मरणालाही पाळीतच बसवलं आहे. त्या बोलण्यात तक्रार नसते, आर्जवही नसतं.

काहींचे नंबर मात्र पुसलेच गेले. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेकाठची इंदापूर तालुक्यातली गावं पाण्यात गेली. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं. त्याच्या भोवतीच्या शिवारातले सर्व्हे नंबर कधीच वर आले नाहीत. धरणानं दूरदूरच्या रानांना पाणी दिलं, ते या गावांच्या नंबरांच्या बदल्यात. उजनीचं पाणी पिणाऱ्या प्रत्येकानं हे देणं मनात धरावं.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना नंबर असतात. इथं नंबर म्हणजे जागा, पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. मागच्या नंबरची दिंडी पुढे घुसत नाही आणि मागे असल्याचं दुःखही करत नाही, कारण पंढरपूर तिच्याही वाट्याचं आहे, हे तिला ठाऊक असतं. बेलवाडीच्या रिंगणात घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लावताना कुणाचा नंबर कुणी विचारत नाही.

वारीत जे श्रद्धेनं जमतं, ते कालव्यावर आणि कारखान्यावर नियमानं जमलं पाहिजे. टेलच्या बाईला कुणाची ओळख न काढता, कुणाला फोन न लावता तिच्या तासाला भरल्या चारीचं पाणी मिळावं. ऊसतोड्याच्या गाडीला रात्र न जाळता वाट मोकळी व्हावी. नंबर शेवटचा असला तरी माणूस थांबतो. तो नंबर येणार, एवढी खात्री त्याला आपण सगळ्यांनी मिळून द्यायची असते.