खेळणं सुटल्यावर

सुरतेच्या आमच्या महिला मंडळात विश्वनाथन आनंदला सगळ्या ओळखतात. अभिजित कुंटे म्हटलं की ‘कोण?’ विचारतात. कुंटे पुण्याचे. 2000 साली ग्रँडमास्टर झाले. आनंद, दिव्येंदू बरुआ आणि प्रवीण ठिपसे यांच्यानंतरचे भारतातले चौथे. दोनदा राष्ट्रीय विजेते. पण मला त्यांचं कौतुक आहे ते नंतरच्या कामाचं. 2022ला चेन्नईत आणि 2024ला बुडापेस्टमध्ये, दोन्ही ऑलिम्पियाडला ते आपल्या महिला संघाबरोबर होते.

संघात पाच जणी, पटावर बसतात चार. म्हणजे दर फेरीला एकीला बाहेर ठेवायचं. आणि डाव सुरू झाला की कॅप्टनने चालीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. फार तर ‘बरोबरी घे’ एवढं सांगता येतं. सगळं दिसतंय आणि गप्प! 48 मिनिटांच्या सामायिकात आपली काय चुळबुळ होते ते आठवा. इथे चार-चार तास.

समालोचकाचं याच्या उलट. तो सगळं बोलतो, पण खेळणाऱ्याला ते ऐकू येत नाही. 2013च्या आनंद-कार्लसन सामन्याचे एक समालोचक होते चेन्नईचे ग्रँडमास्टर आर. बी. रमेश, वैशालीला त्यांनीच शिकवलं. तानिया सचदेवही तिथे समालोचक होती, आणि तीच बुडापेस्टच्या संघातली पाचवी.

चेन्नईत शेवटच्या फेरीपर्यंत आपल्या मुली पुढे होत्या. हरिकाला तर नववा महिना! अमेरिकेकडून हरल्या आणि ब्राँझवर आल्या. बुडापेस्टला आठव्या फेरीत पोलंडकडून हरल्या तेव्हा मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. पुढच्या फेरीत वंतिकाने अमेरिकेशी बरोबरी राखून दिली, नागपूरच्या दिव्या देशमुखने चीनविरुद्ध डाव काढला, आणि शेवटी अझरबैजानला साडेतीन-अर्धा असं हरवलं. महिलांचं पहिलं सुवर्ण.

माझी भाची लग्नाआधी स्पर्धा खेळायची. आता अडाजणला घरीच मुलांना बुद्धिबळ शिकवते. चोविहाराच्या आत स्वयंपाक आवरायचा म्हणून क्लास दुपारी चारला. खेळायची तेव्हा ‘आमची चॅम्पियन’ होती, आता पाहुण्यांना सांगतात, “वेळ जातो तिचा.” फीचे पैसे घरातच लागतात, ते मात्र कोणी बोलून दाखवत नाही. कुंटेंना 2021 साली ध्यानचंद पुरस्कार मिळाला. तिला पुरस्कार नकोय हो, दार लावून दोन तास निवांत हवेत.

तिच्या सासूबाईंना मी मोबाइलवर बुडापेस्टचा फोटो दाखवला.

“हा माणूस कोण मुलींत?”

“शिकवणारा.”

“खेळला नाही?”

“नाही. बाहेर बसला होता.”

“मग करत काय होता?”

“तुमची सून करते तेच.”

त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मग सवयीने सुनेला हाक मारली, चहा ठेव म्हणून. चार वाजत आले होते, जिन्यात मुलांच्या चपला वाजत होत्या. चहा मीच ठेवला.