गवत्या मासा

रहिमतपूरच्या शिवारात गाय चरते, शेळी चरते. पण मासाही चरतो, असे सांगितले तर कोणासही नवल वाटेल. गवत्या मासा मात्र खरोखरच गवत खातो.

हा मूळचा चीनकडील नद्यांचा. १९५९ साली तो भारतात, कटक येथे आणला गेला. आता तो तळ्यांत कटला, रोहू यांच्या सोबतीने वाढविला जातो. बालपणी तो पाण्यातील सूक्ष्म जीवांवर जगतो. पुढे पाणवनस्पती व काठावरून टाकलेला हिरवा चारा खातो. त्याचे दात जबड्यात नसून घशात असतात. जठर तर त्याला नाहीच! त्यामुळे खाल्लेल्यातील बराच भाग न पचताच बाहेर पडतो. पाणी उबदार असले, की दिवसाकाठी तो स्वतःच्या वजनाइतका चाराही फस्त करतो. त्याच्या विष्ठेचे खत होऊन सूक्ष्म जीव वाढतात व त्यांवर कटला पोसला जातो.

पण हाच मासा कृष्णेत सुटला तर? ज्या पाणवनस्पतींच्या आडोशाला देशी माशांची पिले लपतात, त्याच तो खाऊन टाकील. म्हणून जाणता शेतकरी तळ्याच्या सांडव्याला जाळी बांधतो. तळ्यातील उपकारकर्ता नदीत उपद्रवी ठरू नये, याची काळजी माणसानेच घ्यावयाची असते.