चुकलेला भाजक

होडीच्या पाठीला टांगलेले ते आउटबोर्ड इंजिन जुने. पण तांडेलाचा त्यावर पोटच्या पोरासारखा जीव. आज मात्र त्याचा चेहरा उतरला होता. फेरे मोजणारा नवा टॅकोमीटर बसविल्यापासून काटा नेहमीच्याच चालीला मिनिटाला ६००० फेरे दाखवी, आणि इंजिनाची मर्यादा तर ५५०० ची! इंजिन मोडीत काढण्याची भाषा तो बोलू लागला.

म्हातारा मिस्त्री चालत्या होडीत डोळे मिटून आवाज ऐकत राहिला. “तांडेल, हे धापा टाकीत नाही,” तो म्हणाला.

टॅकोमीटरला फेरे दिसत नाहीत; तो विजेचे ठोके मोजतो. या इंजिनाचे चुंबकांचे चाक एकदा फिरले, की सहा ठोके निघत. टॅकोमीटरच्या पाठीवरची कळ मात्र चारवर होती. म्हणजे ४००० फेऱ्यांचे २४००० ठोके, आणि त्यांना भागिले चाराने! शाळेत भाजक चुकला तर गुण जातात. येथे इंजिनच जायचे.

इंजिन बंद करून मिस्त्रीने कळ सहावर आणली. खाऱ्या हवेने तिला गंज धरतो, म्हणून आधी ती चारदा मागेपुढे फिरविली. होडी पुन्हा चालू लागली. काटा ४००० वर स्थिरावला. तांडेलाने कपाळ पुसले आणि होडीचे तोंड समुद्राकडे वळविले.