एका गोळीचे पाच तुकडे

“गोळीचे पाच तुकडे करा. सकाळी एक, रात्री एक.” रोह्यातल्या एका मेडिकलवाल्याने पाच किलो वजनाच्या बाळाच्या बापाला हे सांगितलं. त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

बाळाच्या हृदयाला भोक होतं. ऑपरेशन वजन वाढल्यावर, तोवर औषधं, असं सांगून मुंबईच्या रुग्णालयाने घरी सोडलेलं. चिठ्ठीत स्पायरोनोलॅक्टोन, ५ मिलिग्रॅम, दोन वेळा. दुकानात मिळते ती गोळी २५ मिलिग्रॅमची. बाप धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार. मी पेणला फार्मासिस्ट. कुणीतरी माझं नाव सांगितलं म्हणून नागोठण्यावरून एसटीने माझ्याकडे आला.

“दादा, दोन तुकडं होतान, चार होतान. पाच कसं करायचं?” असं म्हणून त्याने खिशातली कागदाची पुडी उघडली. बाळाची आई ब्लेडने कापत होती. एक फाक जवळजवळ अर्ध्या गोळीएवढी, दोन चिमुकले कण, उरलेला भुगा कागदाच्या घडीत चिकटलेला. मी एकेक तुकडा काट्यावर ठेवला. मोठा तुकडा लहानाच्या तिपटीहून जड निघाला. म्हणजे सकाळी किती आणि रात्री किती, याचा पत्ताच नाही. हे औषध लघवीवाटे पाणी काढतं, पण पोटॅशियम शरीरात धरून ठेवतं. डोस चढला की पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोकेच बिघडू शकतात, कमी पडला तर छातीत पाणी साठतं. बरं, गोळी पाण्यात विरघळवून मापाने द्यावी, तर स्पायरोनोलॅक्टोन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तळाशी बसतं. वरचं पाणी पाजलं तर बाळाला काहीच मिळालं नाही, तळ ढवळून पाजला तर सगळं एकदम. हे त्या आईला कुणी सांगायचं? काउंटरच्या आत उभा असलेला माणूस नाही, तर कोण?

डी. फार्मच्या पहिल्या वर्षाला कॅप्सूल भरायला आम्ही सगळेच शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो. मी विसरलो नाही, कारण मला त्या कामाची गोडी होती. मुंबईच्या डॉक्टरांना फोन करून डोस पक्का केला. दहा गोळ्या खलात घोटल्या. २५० मिलिग्रॅम औषध म्हणजे ५ मिलिग्रॅमचे पन्नास डोस. चार नंबरची कॅप्सूल घेतली, तिच्यात साधारण १२० मिलिग्रॅम पूड बसते. म्हणून लॅक्टोज घालून एकूण पूड सहा ग्रॅम केली. लॅक्टोज एकदम ओतायचं नाही. जेवढी पूड खलात, तेवढंच लॅक्टोज, घोटायचं, मग पुन्हा तेवढंच. औषध सगळीकडे सारखं पसरतं ते या पायरीवर. मग काचेवर पुडीचा सपाट थर करून कॅप्सूलच्या खालच्या अंगाचं तोंड त्यात दाबत राहायचं, वजन करायचं, टोपण लावायचं. फार्माकोपिया, म्हणजे औषधांच्या मानकांचा ग्रंथ, ३०० मिलिग्रॅमच्या आतल्या कॅप्सूलला वजनात दहा टक्के फरक चालवून घेतो. म्हणजे माझी कॅप्सूल १०८ ते १३२ मध्ये बसायला हवी.

दिवस आषाढाचे. जिलेटिनमध्ये मुळातच १३ ते १६ टक्के पाणी असतं. हवा दमट झाली की कवच मऊ पडतं, टोपणं बोटांना चिकटतात. मूर्ती वाळवायला पेणच्या गणपती कारखान्यांत जी धडपड चालते, तीच माझ्या टेबलावर चालली होती. पंधरा दिवसांपुरत्याच कॅप्सूल भरून बरणीत दिल्या, आत सिलिका जेलची पुडी. आजी अख्खी कॅप्सूल भरवेल या धास्तीने बापाकडून तीनदा वदवून घेतलं की कवच उघडायचं, पूड आईच्या दुधात चमच्यात कालवायची, कवच फेकून द्यायचं.

त्या रात्री मी रोह्याच्या त्या मेडिकलच्या मालकाला फोन लावला आणि चांगला फैलावर घेतला. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “भाऊ, माझ्याकडे ना काटा, ना खल. दोन तास बसलो तर त्या माणसाकडून किती घेऊ? आणि उद्या बाळाला काही झालं तर पोलीस कुणाकडे येतील?” मला उत्तर सुचलं नाही. त्याच्या पाटीवर ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ लिहिलंय. औषधं बनवण्याची सोय नसलेल्या दुकानाने तसंच लिहायचं, हा नियम होता. ती सोय ठेवणाऱ्यालाच ‘फार्मसी’ किंवा ‘डिस्पेन्सिंग केमिस्ट’ म्हणवता यायचं. तरी माझं म्हणणं कायम आहे: येत नाही तर ‘येत नाही’ म्हणा, पाच तुकडे करायला सांगू नका. खाच असलेली गोळी अर्धी करायला हरकत नाही. तीही लेप दिलेली किंवा हळूहळू विरघळणारी असेल तर आधी विचारा.

त्या दिवसांत मी भेटेल त्याला सांगत होतो, प्रत्येक फार्मासिस्टने हे काम पुन्हा सुरू केलं पाहिजे. आता तसं वाटत नाही. वजन बरोबर आलं म्हणजे आतलं औषध बरोबर आलं असं नाही, आणि माझ्या कॅप्सूलपैकी एकही कुठल्या प्रयोगशाळेत तपासलेली नव्हती. घोटण्यात कुणी घाई केली तर एकीत दोन मिलिग्रॅम जाईल, दुसरीत आठ. ब्लेडने कापलेला तुकडा निदान वेडावाकडा दिसतो; कॅप्सूल सगळ्या सारख्याच दिसतात. हे काम अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात व्हावं. एक खोली, एक चांगला काटा, एक शिकलेला माणूस आणि अधूनमधून तपासणी, एवढं पुरे. धाटावच्या कारखान्यांतून औषधांचा कच्चा माल बाहेर पडतो, आणि तिथेच राबणाऱ्या माणसाच्या बाळाला पाच मिलिग्रॅम मिळू नये, हे मला पटत नाही.

बाळाचं वजन वाढत गेलं तसा डोस बदलला, आणि दर वेळी नवा हिशेब मांडून मीच कॅप्सूल भरत राहिलो. रोह्याचा मालक हल्ली अशा चिठ्ठ्या माझ्याकडे पाठवतो. काहींना मी नाही म्हणतो.