अर्धा अंश

नवसागर मी पहिल्यांदा पाहिला तो कल्हईवाल्याच्या भट्टीपाशी. तापलेल्या पातेल्यात तो चिमूटभर पूड टाकायचा, पांढरा धूर उठायचा आणि कथील फिरवलं की काळवंडलेलं पितळ चांदीसारखं लखलखायचं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला तोच नवसागर अमोनियम क्लोराइड या नावानं प्रयोगशाळेत भेटला. इथे आग नव्हती. पाण्यात टाकला की पाणी गार पडायचं. स्फटिकातले आयन सुटे करायला जितकी ऊर्जा लागते, तितकी पाण्याचे रेणू त्यांना वेढून परत देत नाहीत. ही तूट पाण्याच्याच उष्णतेतून वसूल होते. ती मोजायची, एवढाच प्रयोग.

100 मिलिलिटर पाणी. 5.35 ग्रॅम नवसागर, म्हणजे मोलचा दहावा भाग. काचेचं चंचुपात्र, भोवती कापूस, वर पुठ्ठ्याचं झाकण. मी आणि माझी मैत्रीण, दोघींत एक थर्मामीटर. पारा 28.0 वरून 25.0 वर येऊन थांबला. हिशेब केला तर मोलला साडेबारा किलोज्यूल. पुस्तकात 14.8.

मी गुपचूप 25.0 चं 24.5 केलं. उत्तर 14.6 आलं. आकड्याला कल्हई झाली. तिनं मात्र 25.0 च ठेवलं. सरांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी धरल्या आणि तिला विचारलं, "थर्मामीटर वाचता येत नाही?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तराजूची वजनं पेटीत ठेवत राहिले. प्रयोग तिला पुन्हा करावा लागला.

आता मी वडोदऱ्यात शिकवते. इथली मुलं नवसागराला नवसार म्हणतात. गेल्या महिन्यात एक मुलगी साडेबारा हे उत्तर घेऊन रडवेली उभी राहिली. हातात खोडरबर होतं. म्हटलं, "खोडू नकोस. चंचुपात्राचा वाटा धरलास का?"

मग त्याच पात्रातल्या गार पाण्यात आम्ही मोजून गरम पाणी ओतलं. मिश्रण हिशेबापेक्षा थोडं कमीच तापलं. कमी पडलेली उष्णता काचेनं घेतली होती, अंशाला 67 ज्यूल. म्हणजे नवसागर विरघळताना हीच काच आपली ऊब पाण्याला देत होती. पाण्याचे 418 आणि काचेचे 67 मिळवून तीन अंशांनी गुणलं. मोलला साडेचौदा किलोज्यूल आले. तिचा 25.0 जागच्या जागी होता.

रात्री मैत्रिणीला फोन केला. म्हटलं, "अगं, तुझं पंचवीस बरोबर होतं."

"कसलं पंचवीस?"

ती विसरून गेली होती. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, खोडलेल्या आकड्यासकट.