स्कोअरबोर्डवरचं कोकण

तेंडुलकर हे आडनाव आहे की पत्ता? कोकणात आलात की कळतं, दोन्ही! कुडाळहून निघालात की आधी नेरूर लागतं, म्हणजे नेरूरकरांचं गाव. पुढे वालावल, म्हणजे वालावलकरांचं. आणि ज्यावरून तेंडुलकर आले ती तेंडोलीही याच कुडाळ तालुक्यात. अर्ध्या ऑफिसचं हजेरीबुक इथे रस्त्यावरच्या पाट्यांवर वाचायला मिळतं.

वालावलला घाईत जाऊ नका. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, त्याला खेटून तलाव, काठावर माड, पलीकडे कर्लीचं पात्र. पायरीवर बसलात की कुणीतरी विचारणारच, ‘तुमी खंयचे?’ इथे नावाआधी गाव विचारतात!

साधा वाटणारा हा प्रश्न एके काळी क्रिकेटच्या मैदानावरही विचारला जायचा, फक्त उत्तर वेगळं असायचं. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत टीम धर्मावर पडायच्या. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेले सगळे ‘रेस्ट’. गर्दी तुफान, ईर्षा त्याहून जास्त. गांधीजींनी 1940 मध्ये या सामन्यांना विरोध केला, तरी ते बंद पडले 1946 मध्ये.

आणि धर्म एक असला म्हणून सगळे सारखे, असंही नव्हतं बरं का! पाळवणकर बाळू यांचं आडनावही कोकणातल्या गावाचंच. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात या स्पिनरने तब्बल 114 विकेट घेतल्या. पण ते दलित. पुण्यात बॉलिंगला ते चालायचे, चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही. ते 1923 मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना मिळालं. गावाचं नाव मिरवायचं, पण बरोबरीची जागा नाही, असा तो मामला.

मग महायुद्ध संपलं, स्वातंत्र्य आलं, सोबत फाळणीही आली. ‘आपण कोण?’ याचं उत्तर सगळेच शोधत होते. बरीचशी मदत खेळाने केली. 12 ऑगस्ट 1948 ला लंडनमध्ये आपल्या हॉकी टीमने ब्रिटनला 4-0 ने लोळवलं, तेही स्वातंत्र्याचा पहिला वाढदिवस तीन दिवसांवर असताना! 1952 मध्ये सांगलीच्या विजय हजारेंच्या टीमने मद्रासला इंग्लंडला हरवून आपली पहिली टेस्ट जिंकली. त्याच वर्षी कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. 1971 मध्ये वाडेकरांच्या टीमने आधी वेस्ट इंडीज आणि मग इंग्लंड, दोघांनाही त्यांच्याच घरी हरवलं.

आता पुन्हा सिंधुदुर्गात या. 1932 मध्ये मालवणात एक मुलगा जन्मला, आडनाव आचरेकर. म्हणजे मालवण तालुक्यातलं आचरा! पुढे शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांनी एका तेंडुलकरला घडवलं. दोन शेजारी तालुक्यांची आडनावं दादरच्या मैदानात भेटली, आणि त्यातलं एक चोवीस वर्षं भारताच्या स्कोअरबोर्डवर राहिलं. सचिन बॅटिंगला आला की तो हिंदू की मुंबईकर, असं कोण विचारायचं? अख्खा देश टीव्हीपुढे!

अर्थात मॅच संपली की जुने प्रश्न परत येतात. कुठल्या धर्माचा खेळाडू कॅच सोडतो यावर आजही काहींचा राग ठरतो. म्हणूनच बाळूंची गोष्ट लक्षात ठेवायची. टीम एका दिवसात ‘आपली’ होत नाही, ती दरवेळी करावी लागते.

वालावलच्या पायरीवर ‘खंयचे?’ विचारणारा मात्र तुमचं उत्तर ऐकून लगेच जागा करून देतो. देशाने याहून वेगळं काय करायचं असतं?

कसं जाल : कोकण रेल्वेने कुडाळ, तिथून रिक्षा किंवा एसटी. पावसाळ्यानंतरचे महिने बेस्ट. देवळात आवाज कमी, आणि तलावात प्लास्टिक नको, प्लीज!